वाढ थांबेपर्यंत

शुभे, मंगळवारी अन्वी आली होती.

तिची वेळ आधीच ठरलेली होती, तूच ठरवलेली. मला वाटलं नितीन फोन करून रद्द करेल. पण संध्याकाळी बाप-लेक क्लिनिकच्या दारात हजर. नितीन बाहेर सोफ्यावर बसला, मोबाइल काढला आणि बंद स्क्रीनकडे बघत राहिला. अन्वी आत आली, सॅक खाली टाकली, खुर्चीवर चढली आणि मी काही म्हणायच्या आत तिनं तोंड उघडलं. डोळे छताकडे.

मी आरसा हातात घेऊन उभी. एरवी तू शेजारी असायचीस. 'मी आज फक्त आई म्हणून आलेय' असं बजावायचीस आणि माझ्या आधी वाकून बघायचीस. तुझं डोकं मध्ये आलं की मी ओरडायचे, अगं मला दिसू दे. मंगळवारी मला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि काय करायचं ते सुचत नव्हतं.

तू जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक भेटतात, डॉक्टर म्हणून तू कशी होतीस ते मलाच सांगतात. मी हो हो म्हणते. माझ्या डोक्यात मात्र तुझं एक अर्धं वाक्य अडकलंय आणि ते पुढे सरकत नाही.

रविवारचा तुझा फोन. तू वर्सोव्याला मासळी घ्यायला गेली होतीस, परत येताना गाडीतून बोलत होतीस.

"रोहिणी, ऐक ना. काल मी अन्वीचे सगळे एक्स-रे परत काढून बसले होते. नव्यानं ट्रेसिंग केलं. तू जे म्हणतेस ना, त्यात... अरे थांब ना बाबा, हॉर्न काय मारतोस! हॅलो? हा रिक्षावाला अंगावर चढतोय माझ्या. आणि सुरमईवरचा बर्फ वितळला सगळा. जाऊ दे, उद्या बोलू. समोरासमोर."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काही म्हणायचं कारणच नव्हतं. उद्या तर रोजच असायचा.

सोमवारी सकाळी तू ओट्यापाशी कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव. मी हॉस्पिटलात पोचले तोवर तुझं बोलणं संपलेलं होतं. दोन दिवसांनी तू गेलीस.

त्यात काय, शुभा? तू म्हणतेस त्यात तथ्य आहे? त्यात एक मोठी गडबड आहे? त्यात मी थोडी भर घालते? मी वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं पूर्ण करून बघते, तुझ्या आवाजात. सगळी वाक्यं तुझ्या आवाजात बरोबर वाटतात. तुझा आवाजच तसा होता, कुठलीही गोष्ट ठाम करून टाकणारा.

आपली ओळख झाली तीच मुळी भांडणानं. कॉलेजात नवीन होतो. चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे घ्यायचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि हाडांच्या, दातांच्या कडा पेन्सिलीनं गिरवायच्या, ते आपलं पहिलं काम. सरावाला म्हणून आपण स्वतःचेच एक्स-रे घेतले होते. तू तुझं ट्रेसिंग दिव्याच्या पेटीवर लावलंस आणि सगळ्यांसमोर भाषण ठोकलंस.

"हा माझा खालचा जबडा. आजोबा मालवणाहून गिरणीत आले तेव्हा आजीबरोबर आला. आजोबा जोगेश्वरीला थांबले, हा अजून पुढेच चाललाय."

सगळे हसले. मी पण. मग तू पेन्सिलीच्या टोकानं दात दाखवलेस. "आता हे बघा. जबडा गेला पुढे, पण माझा चावा बरोबर आहे. कसा काय? वरचे दात जरा पुढे वाकले, खालचे जरा आत झुकले आणि मध्ये कुठेतरी भेटले. जबड्यानं भांडण काढलं, दातांनी मिटवलं. माझे दात सज्जन आहेत."

आणि मग माझ्याकडे वळून, ओळख ना पाळख, "हिचं उलटं आहे. मुलुंडचं सरळ घर, आत माणसं वाकडी."

मी चिडले. माझे जबडे सरळ आणि दात एकमेकांवर चढलेले, हे खरंच होतं. पण मी म्हटलं, दात हलवता येतात. ते हलवले की ओठ बदलतात आणि ओठ बदलले की लोकांना चेहरा बदललेला दिसतो. तू म्हणालीस, अजिबात नाही. दात हे पागडीचे भाडेकरू आहेत, कितीही वर्षं राहिले तरी घर त्यांचं नाही. घर वाढतं, सरकतं, भिंती हलतात, दात बिचारे जागा करून घेतात. आपण दातांना तारा लावतो आणि समजतो की चेहरा घडवतोय.

झालं. तिथून सुरू झालं ते तू जाईपर्यंत चाललं. पुढे जोगेश्वरीला क्लिनिक एकत्र काढलं, दोन खुर्च्या, मध्ये अर्धी भिंत, आणि भिंतीवरून भांडणं. मी 'करूया' म्हणणारी, तू 'थांबूया' म्हणणारी. आपले पेशंटसुद्धा आपल्याला तसेच ओळखायचे. घाटकोपरहून एक गृहस्थ मुलीला घेऊन यायचे. तिचा खालचा जबडा मागे राहिलेला, वरचे दात पुढे आलेले. तू दर वेळी तिची उंची घ्यायचीस, फोटो काढायचीस आणि पुढची तारीख द्यायचीस. एक दिवस ते वैतागले. "मॅडम, वाट बघायला आम्हाला घर आहे की."

"घरी बघता ती नुसती वाट," तू म्हणालीस. "इथे येऊन बघता ती मी मोजते."

मी भिंतीपलीकडून डोळे फिरवले होते. पण तिची उंची वाढायला लागली त्याच सुमारास तू उपकरण दिलंस आणि खालचा जबडा असा भराभर पुढे आला की ज्यात मी दोन वर्षं घालवली असती ते काम तुझं निम्म्या वेळात झालं. मुलीच्या अंगात वाढ भरतीला आली तेव्हाच तू होडी घातलीस. मी तुला तसं म्हटलंसुद्धा. तू म्हणालीस, "होडी नको, ते कोळ्यांना शोभतं. आपण आपलं दात बघूया."

किती पोरांच्या बाबतीत तुझ्यामुळे माझा हात वेळेवर आखडला, त्याचा हिशोब नाही. हे तुला कधी म्हटलं नाही मी. तू डोक्यावर बसली असतीस.

मग अन्वी.

अन्वीच्या वाढदिवसाला, ती दुसरीत असेल, केक कापताना ती हसली आणि मला दिसलं. पुढचे खालचे दात वरच्यांच्या बाहेर. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. इतर कुणाच्या पोराचं असतं तर दारातूनच ओळखलं असतंस. मी वेफर्सच्या बशा घेऊन स्वयंपाकघरात आले, तू मागोमाग आलीस आणि ओट्याकडे तोंड करून म्हणालीस, "तू बघशील का तिचं? मला नाही जमणार."

मी म्हटलं, "लगेच सुरू करू. वरचा जबडा अजून मऊ आहे, पुढे खेचता येईल."

तू वाद घातला नाहीस. तेव्हाच मला चमकायला हवं होतं, की इथे काहीतरी वेगळं आहे.

कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी ती चौकट, मधून रबरं वरच्या दातांना. शाळेतून आलं की लावायची ती सकाळपर्यंत. अन्वी ती घालून सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळायची, म्हणायची मी विकेटकीपर आहे. आणि काम झालं, शुभे. सुंदर झालं. वरचे दात पुढे आले, चावा जुळला. तू आरेतल्या तबेल्यातून खरवसाचा चीक आणून अख्ख्या क्लिनिकला खरवस खाऊ घातलास. त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "यार, करून टाकणं पण कधी कधी झकास असतं." मी ते वाक्य पुढे कित्येक महिने तुला ऐकवत होते.

बाराव्या वर्षी अन्वी ताडमाड वाढली. पाय वाढले, हात वाढले आणि तिचा खालचा जबडा निघाला. हळूहळू चावा परत टोकाला टोक, मग उलटा. चौकटीनं वरचं हाड आणून दिलं होतं पुढे, पण खालच्याला अडवणारं काही नाही आपल्याकडे. कुणाकडेच नाही. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी शाळेच्या गॅदरिंगचा फोटो घेऊन तू ज्या दिवशी आलीस, त्या दिवशी तू जे बोललीस ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की तू माझी थट्टा करतेस.

शेवटचा पेशंट गेला होता. मी हात धूत होते.

"खालच्या दोन उपदाढा काढ," तू म्हणालीस. सुळ्यांच्या मागच्या त्या छोट्या. "पुढचे दात आत ओढून घे. संपव एकदाचं."

"शुभा, तिची वाढ संपलेली नाही."

"संपत आलीय. पाळी सुरू होऊन वर्ष झालं, उंची जवळजवळ थांबलीय. आता उरलंय किती?"

"असला जबडा उंचीचं ऐकतो का? आत्ता दात आत ओढले आणि हा अजून पुढे आला, तर त्यांना आणखी मागे जायला हाडच उरणार नाही. आणि उद्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी जबड्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तर हेच सगळं पहिल्यापासून उलटं फिरवायचं. थांबूया."

"हे तू मला शिकवतेस?"

"तूच मला शिकवलंयस!"

"ते पेशंटचं शिकवलं. ही अन्वी आहे."

मला खरंच काही कळेना. वीस वर्षं मी एका टोकाला आणि तू दुसऱ्या. आता मी तुझ्या टोकाला येऊन उभी राहिले तर तू माझ्या टोकाला जाऊन बसलेली. मी हसले. चुकीच्या वेळी हसले बहुतेक, कारण तुझा आवाज चढला.

"तुला नाही कळणार. तुझ्या घरात कुणाची हनुवटी अशी चंद्रकोरीसारखी पुढे नाही. मागच्या बाकावरून 'चांदोबा' अशी हाक आली की वळून बघायचं नसतं, तुला कधी शिकावं लागलं नाही ते."

"चांदोबा? कोणाला म्हणतात? अन्वीला?"

तू पर्स खांद्याला लावलीस. "दोघींना," म्हणालीस आणि गेलीस.

नळ वाहतच राहिला आणि मला एकेक आठवत गेलं. मालवणाहून आलेला जबडा, सज्जन दात, त्या ट्रेसिंगपुढचं ते भाषण, सगळा वर्ग हसलेला. इतकी वर्षं मी ते विनोद तुझ्या वतीनं लोकांना सांगितले होते. तू तेव्हा खरंच हसत होतीस की आधीच हसून घेत होतीस, दुसऱ्या कुणी हसायच्या आत? आणि 'थांबूया, चेहरा अजून झालेला नाही' असं जे तू प्रत्येक पोराला सांगायचीस, ते डॉक्टर म्हणून सांगायचीस की हाक ऐकूनही न वळणाऱ्या त्या पोरीला सांगायचीस? विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी दोन चहा सांगितलेस, माझ्यासमोर एक ठेवलास आणि भायंदरच्या एका पेशंटच्या अक्कलदाढेबद्दल बोलायला लागलीस. मी पण अक्कलदाढेबद्दल बोलले. पुढचे काही आठवडे आपण अख्ख्या मुंबईच्या दातांबद्दल बोललो, अन्वीचे सोडून.

आणि मग तो रविवारचा फोन.

तू केलेलं नवीन ट्रेसिंग मला मिळालं. तुझ्या टेबलावरच होतं, लपवलेलं वगैरे काही नाही. जुन्या रेघा काळ्या, नव्या लाल. मी ते उजेडात धरून बघितलं, उलटं करून बघितलं. ट्रेसिंगवर रेघा असतात, मत नसतं.

मग मी नितीनला विचारलं. वेळ चुकीची होती, घरात माणसं होती, पण मला राहवेना. गॅलरीत एकटा सापडला तेव्हा म्हटलं, "नितीन, शनिवारी ती अन्वीचे एक्स-रे घेऊन बसली होती. काही बोलली का?"

"बोलली होती. 'रोहिणीचं बरोबर आहे' म्हणाली." मी श्वास सोडला. तेवढ्यात तो म्हणाला, "की 'रोहिणीला बरोबर सांगते उद्या' म्हणाली? तसं काहीतरी. मी मॅच बघत होतो गं. हूं म्हटलं." आणि तो कठड्याला धरून रडायला लागला. "मी नुसतं हूं म्हटलं, रोहिणी."

त्याला काय सांगणार? मी फोनवर 'बरं' म्हटलं होतं. आपण सगळे असंच बोलतो एकमेकांशी.

आत तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी काकींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या आवशीचा तोंड असाच होता. माझा असाच. शुभाचा असाच. कोणाचा काय अडला नाय." आणि थोड्या वेळानं, "पण आता ह्या चेडवाचा काय ता तूच बघ."

म्हणजे अन्वीचं थांबू की करू, काकी? तेही मला कळलं नाही.

तर मंगळवार. अन्वीचं तोंड उघडं, मी आरसा धरून. मी नवीन एक्स-रे घेतला आणि त्याचं ट्रेसिंग, तू करायचीस तसं, हातानं केलं. तुझ्या लाल रेघेवर ठेवलं. हनुवटीपाशी फरक होता. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढा. ही वाढ आहे की माझा हात हलला? परत काढलं. परत तेवढाच, पण जरा वरच्या बाजूला. तू असतीस तर माझ्या हातातून पेन्सिल ओढून घेतली असतीस.

अन्वी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "रोहिणीमावशी, काढून टाक ते दात."

"कुठले?"

"आई म्हणत होती ते. खालचे दोन. आज काढलेस तरी चालेल मला."

"एवढी घाई कसली आहे?"

"सगळे माझ्याकडे बघतात आणि रडतात."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"आजी रडते. आत्या रडते. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये रडल्या. मी काही बोललेली पण नसते गं. माझी हनुवटी धरतात, म्हणतात अगदी शुभा, आणि सुरू. आणि बाबा तर बघतच नाही. जेवताना पण ताटात बघतो. मला नको हे तोंड. तू बदलून दे ना."

शुभे, मी सुद्धा त्यातलीच. ती दारातून आत आली तेव्हा मी तिच्या सॅककडे बघितलं होतं.

कसं सांगायचं असतं हे? तू असतीस तर काय सांगितलं असतंस? पहिली शुभा, ती थांबवणारी, तिनं एखादा विनोद केला असता. दुसरीनं बहुतेक तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं असतं आणि इंजेक्शन भरायला घेतलं असतं. मला दोन्ही येत नव्हतं. मी तिला स्क्रीनसमोर बसवलं, तिचा एक्स-रे मोठा केला आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे दात. हे मी मागे नेऊ शकते. आणि हे खाली आहे ना, हे हाड. दात काढले, आत ओढले, तरी हे इथंच राहतं."

"म्हणजे हनुवटी जाणार नाही?"

"नाही."

"दात काढून सुद्धा?"

"काढून सुद्धा. चावा जुळेल. समोरून हसशील तेव्हा फरक दिसेल. पण बाजूनं बघणाऱ्याला..." मी अडखळले. मग म्हटलं, खोटं कशाला बोलायचं. "बाजूनं बघणाऱ्याला शुभाच दिसेल."

ती एक्स-रेकडे बघत राहिली. हाडं पांढरी, मागे काळं. मला वाटलं आता ही ओरडेल, उठून जाईल.

"आणि हे अजून वाढणार?"

"बहुतेक."

"किती?"

"मला माहीत नाही."

"आईला माहीत होतं?"

"नाही गं. तिलाही नव्हतं. आधी कळायला काही साधन नाही. वाढ झाली की मगच मोजता येते."

"पण ती तर अशी बोलायची की तिला सगळं माहितीये."

"बोलायची तशी."

अन्वी हसली. खरंच हसली, नाकातून आवाज काढून, आणि त्या हसण्यातूनच रडायला लागली. माझ्या हातात अजून मघाचे ग्लोव्ह्ज होते. ते काढायचे असतात हे सुद्धा मला सुचलं नाही, तशीच तिला धरून उभी राहिले. ती हमसून हमसून रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "मला वाटलं तू काढशील. मला वाटलं तू बदलशील. आणि मग मला भीती पण वाटत होती की तू खरंच बदलशील." मी म्हटलं, हो. तिला काय हवं होतं ते तिलाच कळत नव्हतं, मला काय करायचं होतं ते मला कळत नव्हतं, आणि जिला विचारायचं तिच्यासाठी तर आम्ही रडत होतो.

आवाज ऐकून नितीन दारात आला. तिथेच घुटमळला.

अन्वीनं बाहीनं नाक पुसलं. त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, हे जाणार नाहीये. मावशी म्हणते. दात काढले तरी राहणार. आणि अजून वाढणार थोडं." मग मान जराशी वळवून, अगदी आपण फोटोसाठी पेशंटला बाजूनं उभं करतो तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. "एकदा बघून घे ना नीट. म्हणजे मग सवय होईल."

नितीननं बघितलं, शुभे. दाराच्या चौकटीला धरून बघत राहिला. मी आत जाऊन उगाच स्टरिलायझर उघडला, बंद केला, परत उघडला. मी बाहेर आले तेव्हा तो तिच्या शेजारी स्टूलवर बसला होता आणि ती त्याला एक्स-रेवर बोट ठेवून शिकवत होती, कुठला दात कुणाचा आणि हाड कुठून सुरू होतं. निम्मं चुकीचं सांगत होती. मी दुरुस्त केलं नाही.

शेवटी मी वरच्या दातांना तारा लावल्या. वरचे दोन दात वळलेत थोडे, ते सरळ करता येतील, त्यानं पुढचं काही बिघडत नाही, आणि तिला आज काहीतरी झालं असं वाटेल. रबरांचा रंग तिनं जांभळा निवडला. खालच्या दातांना मी हात लावला नाही. जाताना ती म्हणाली, "खालचे नक्की नाही काढायचे ना?" मी म्हटलं, "आत्ता नाही." "मग कधी?" "बघू." जिन्यात नितीननं तिची सॅक घेतली, आणि वळणावर दोघं दिसेनासे झाले.

आता सांग, हे थांबणं झालं की करणं? मला तर दोन्हीही वाटत नाही. कधी वाटतं मी तुझ्या लेकीला घाईच्या चुकीतून वाचवलं. कधी वाटतं, शाळेची उरलेली वर्षं तिला चांदोबा म्हणून काढायला लावली आणि ती वर्षं परत येत नाहीत, हेच तू मला आवाज चढवून सांगत होतीस. तुझं वीस वर्षांचं मत धरलं, तर मी तुझं ऐकलंय. उपदाढा काढ म्हणालीस त्या संध्याकाळचं धरलं, तर तुझ्या मनाविरुद्ध गेलेय. आणि रविवारच्या फोनवरचं धरावं, तर ते काय होतं?

अन्वीची वाढ कधीतरी थांबेल. तेव्हा सगळे एक्स-रे एकावर एक ठेवले की आपल्यापैकी एकीचं बरोबर निघेल. मी हरायला सुद्धा तयार आहे गं. पण तेव्हा तुला कुठल्या बाजूची धरायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतंस.